प्रश्न उद्भवत नाही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना व्याख्यानापेक्षा व्याख्यानानंतरच्या शंका ऐकायला जास्त आवडत, असं संयोजकांनी मला फोनवर सांगितलं. तेव्हाच विषय ठरला. विरोधी बाकांवरचे आमदार आणि खासदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात, त्या प्रश्नांविषयी आज बोलायचं आहे.

अधिवेशन सुरू झालं की आपल्याला काय दिसतं? विधानभवनाच्या पायऱ्या दिसतात. कुणी कांद्याच्या माळा घालून आलेलं असतं, कुणाच्या हातात फलक, कुणाच्या हातात रिकामा हंडा. घोषणा होतात, कॅमेरे सरकतात, अर्ध्या मिनिटाची बातमी होते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पायऱ्यांचंही आपलं एक काम आहे. पण त्याच दिवशी, त्याच इमारतीत, सभागृहाच्या पहिल्या तासात काय झालं? कोणत्या मंत्र्याला कोणी कशावरून अडवलं? हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हात वर करायला सांगत नाही. सांगितलं तर माझीच पंचाईत व्हायची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकारला घाम फुटतो तो उपप्रश्नानं, म्हणजे उत्तर ऐकून सदस्य लगेच उलटून विचारतो त्या प्रश्नानं. गोंधळाचं त्याला फारसं काही वाटत नाही, भाषणाचं तर नाहीच, आणि पहिल्या प्रश्नाचंसुद्धा नाही.

आता हा पहिला प्रश्न असतो कसा? विधिमंडळाची तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नोत्तरांची छापील यादी तुम्ही कधी पाहिली आहे का? पाहाच. वर सदस्यांची नावं असतात, कधी एक, कधी पंधरा-वीस. मग ठरलेली सुरुवात, सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. आणि खाली क्रमांक घातलेले भाग. एक, अमुक तालुक्यातील अमुक रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे माहे जूनमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय? तीन, असल्यास, चौकशीच्या अनुषंगाने दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

या चार ओळींना हसू नका. भाषा कोरडी आहे, सरकारी आहे, पण रचना फार पक्की आहे. खरं म्हणालात तर पुढं चौकशीचं सांगा. चौकशी झाली म्हणालात तर कारवाईचं सांगा. काहीच केलं नसेल तर उशीर का झाला ते सांगा. सुटायला वाट ठेवलेली नाही. ज्यांनी कुणी हा साचा पहिल्यांदा बसवला असेल, त्यांना फौजदारी वकिलीची बरी सवय असावी.

पण उत्तर लिहिणारेही कच्च्या गुरूचे चेले नसतात. उत्तर येतं, एक, हे खरे नाही. दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही. झालं! पहिल्या भागात एकदा नाही म्हटलं की बाकीचे तीन आपोआप गळून पडतात. कधी येतं, हे अंशतः खरे आहे. यातला कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, ते उत्तरात शोधत बसायचं. आणि सगळ्यांत लाडकं उत्तर म्हणजे, माहिती घेण्यात येत आहे. रस्ता खचून वर्ष झालं, तरी माहिती अजून घेण्यातच येत असते.

हे उत्तर लिहितं कोण? मंत्री? छे. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात खात्याकडं येतो, खात्यातून कार्यासनाकडं, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. सरकारी कचेऱ्यांत त्याला ‘एलएक्यू’, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ एवढं कुणी म्हटलं की बाकीची कामं बाजूला पडतात. तालुक्याचा माणूस जुनी फाईल काढतो, तारखा जुळवतो, अहवाल वर पाठवतो. त्या अहवालाची धार प्रत्येक टेबलावर थोडी थोडी बोथट होत जाते आणि शेवटी मंत्र्यांच्या सहीला जे येतं ते, हे अंशतः खरे आहे.

आता यात एक गंमत आहे. उत्तर छापून यायच्या आधीच कधी कधी काम होतं. प्रश्न लागलाय म्हटल्यावर रखडलेली दुरुस्ती मार्गी लागते, दाबून ठेवलेली नोटीस निघते, म्हणजे उत्तरात लिहायला काहीतरी होतं. आमदाराचं नाव कुणाला कळत नाही, पेपरात बातमी येत नाही, पण खड्डा बुजलेला असतो. प्रश्नाचं हे यश कुठल्याच आकडेवारीत धरत नाहीत.

तर पहिला प्रश्न जातो खात्याकडं, आणि त्याचं उत्तरही खातंच देतं. मग मंत्र्याची परीक्षा कधी होते? अध्यक्ष प्रश्नाचा क्रमांक पुकारतात, मंत्री उठून छापील उत्तराकडं बोट दाखवतात, आणि विरोधी बाकावरचा सदस्य उभा राहून म्हणतो, अध्यक्ष महोदय, उत्तरात चौकशी पूर्ण झाल्याचं म्हटलं आहे, ती कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं केली आणि तो अहवाल कोणत्या तारखेला मिळाला? इथं छापील कागद संपला. हा उपप्रश्न आधी कळवलेला नसतो. आता मंत्र्याला खातं माहीत असलं पाहिजे. माहीत नसलं तर नजर वळते अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडं. तिथं सचिव घाईघाईनं चिठ्ठी लिहितात, शिपाई ती घेऊन निघतो, आणि चिठ्ठी पोचेपर्यंत मंत्रीमहोदय सदस्यांच्या तळमळीचं कौतुक करत राहतात. ज्याला उपप्रश्न विचारता येतो तो या मधल्या वेळातच दुसरा उपप्रश्न तयार ठेवतो. तारीख मिळाली की रक्कम विचारतो. रक्कम मिळाली की ठेकेदाराला आधीचं कोणतं काम दिलं होतं ते विचारतो. आवाज चढवायची गरज पडत नाही. खरं तर आवाज चढला की मंत्री सुटतो, कारण मग अध्यक्षांना शांतता राखा म्हणावं लागतं आणि तेवढ्यात वेळ निघून जातो.

उपप्रश्नाची ही ताकद इंग्रजांना आपल्या आधी कळली होती. १८९२ च्या कायद्यानं कायदे कौन्सिलातल्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. आधी सूचना द्यायची, सरकार उत्तर देईल ते ऐकून घ्यायचं आणि खाली बसायचं. उत्तरावर पुढं काही विचारायचं नाही. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलात निवडून गेले ते याच नियमांखाली. पुढं गोखलेही त्याच कौन्सिलात बसले. कल्पना करा, टिळकांसारखा माणूस समोर बसलेला, सरकारी अधिकारी गुळमुळीत उत्तर वाचतोय, आणि त्यावर दुसरा प्रश्न विचारायची सोय नाही! उपप्रश्नाचा हक्क मिळायला १९०९ चा कायदा यावा लागला, म्हणजे सतरा वर्षं गेली. तोही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. दुसऱ्या कुणालाही उठून उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९१९ च्या सुधारणांनंतर. प्रश्न विचारू दिला तरी राज्य करता येतं, उलटून विचारू दिलं तर जड जातं, हा हिशेब त्यांनी बरोबर केला होता.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. तरुण मंडळींनी कदाचित नुसतं नाव ऐकलं असेल. मुंदडा प्रकरण.

आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं सप्टेंबर १९५६ मध्ये. विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, लाखो पॉलिसीधारकांचा पैसा एका ठिकाणी आला होता. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, महामंडळानं हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्या काळचे सव्वा कोटी, लक्षात ठेवा. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला विचारलं नव्हतं. कंपन्यांची प्रकृती काही ठीक नव्हती. ही कुणकुण वर्तमानपत्रांत आली आणि सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला, महामंडळानं हे शेअर घेतले आहेत काय? सरकारकडून मोघम उत्तर आलं. तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न आला. पुन्हा उत्तर आलं, आणि दोन उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसेना. मग १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी उठले आणि त्यांनी सगळा हिशेब सभागृहापुढं मांडला. कोणत्या कंपनीत किती गेले, कोणत्या भावानं गेले, कोणाच्या सांगण्यावरून गेले.

फिरोज गांधी कोण? पंतप्रधानांचे जावई. आणि बसत होते सत्ताधारी काँग्रेसच्याच बाकांवर. म्हणजे स्वतंत्र भारतात प्रश्नातून मंत्री गेल्याचं हे मोठं उदाहरण विरोधी पक्षाचं नाहीच! मी हे मुद्दाम सांगतोय. विरोधी बाकांचा म्हणून हा विषय घेतला असला, तरी प्रश्नाला पक्ष लागत नाही, पाठ सोडायची नाही असा माणूस लागतो. सत्ताधारी बाकांवरून असा माणूस सत्तर वर्षांत कितीदा उठला, हा मात्र वेगळा विषय आहे. त्यावर दुसरं व्याख्यान ठेवा, मी येईन. अर्थात ते लवकर संपेल.

पुढची हकीगत मुंबईतली आहे. चौकशी करायला एकसदस्य आयोग नेमला, त्यावर होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्यांनी सुनावणी उघडपणे घ्यायचं ठरवलं. लोकांनी इतकी गर्दी केली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थखात्याचे प्रधान सचिव, महामंडळाचे अधिकारी, खुद्द अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, सगळे साक्षीला उभे. मंत्र्यांचा बचाव असा की व्यवहार सचिवांनी ठरवला. छागलांनी तो मानला नाही. खात्यात जे होतं त्याची जबाबदारी मंत्र्याची, सचिवाकडं बोट दाखवून मंत्र्याला मोकळं होता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. त्या प्रकरणात नोकरीतून बाहेर पडलेले सचिव एच. एम. पटेल पुढं राजकारणात गेले आणि १९७७ मध्ये जनता सरकारात स्वतःच अर्थमंत्री झाले. मग लोकसभेत त्यांनाही उपप्रश्नांना तोंड द्यावं लागलंच.

यात पाहण्यासारखं काय आहे? सप्टेंबर ते डिसेंबर. एका दिवसात काही झालेलं नाही. पहिलं उत्तर जपून ठेवलं, दुसऱ्या उत्तराशेजारी ठेवलं, आणि दोहोंमधली फट दाखवली. मंत्र्याच्या विरुद्ध सर्वांत मोठा पुरावा म्हणजे मंत्र्याचंच आधीचं उत्तर. आपल्या विधिमंडळात ज्यांनी ज्यांनी नाव मिळवलं त्यांच्याकडं फाईल असायची, एवढं नक्की. नावं घ्यायची तर कृष्णराव धुळप, एन. डी. पाटील, मृणाल गोरे, गणपतराव देशमुख. गणपतराव सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. त्यांचं भाषण ऐकायला कॅमेरे धावत नसत, पण पाण्याच्या प्रश्नावर ते उठले की उत्तर देणारा मंत्री कागद नीट लावून बसायचा.

महाराष्ट्रातलंही एक प्रकरण घ्या. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी भेसळ होती. असा माल रुग्णालयात आला कसा? निविदा कोणी मंजूर केली? अन्न व औषध प्रशासन काय करत होतं? सगळ्या प्रश्नांचा रोख शेवटी एकाच ठिकाणी, मंत्र्यांच्या दालनाकडं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला, आणि अहवाल आल्यावर १९८८ मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. हे तेच लेंटिन, ज्यांच्या सिमेंट वाटपाच्या प्रकरणातल्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये ए. आर. अंतुले यांनी महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. न्यायमूर्तींचं नाव निघालं की त्या काळी मंत्रालयात पंखे जोरात फिरायला लागत असावेत.

बरं, मंत्र्यांकडं पळवाटा किती? पुष्कळ. त्यातली हल्लीची सगळ्यांत गोड पळवाट सांगतो. उपप्रश्न टोकाला आला की मंत्री उठून म्हणतात, सन्माननीय सदस्यांच्या भावना समजल्या, अधिवेशन संपायच्या आत माझ्या दालनात बैठक लावतो. सदस्य खूश! मतदारसंघात सांगायला होतं की मंत्र्यांनी बैठक लावली. पण झालं काय? जो प्रश्न सभागृहात सगळ्यांसमोर, शब्दन् शब्द नोंदवला जात असताना चालला होता, तो चहाच्या कपासोबत बंद दाराआड गेला. तिथं काय ठरलं त्याची नोंद कार्यवृत्तात नाही. उद्या त्यावर उपप्रश्न येणार नाही. ज्या सदस्याला खरंच काम हवं आहे त्यानं बैठक जरूर घ्यावी, पण आधी म्हणावं, अध्यक्ष महोदय, प्रश्न राखून ठेवा. राखून ठेवलेला प्रश्न परत येतो. बैठक परत येत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे आश्वासन. ‘तपासून कारवाई करू.’ यावर इलाज म्हणून लोकसभेनं १९५३ मध्येच सरकारी आश्वासनांची समिती नेमली. मंत्र्यानं सभागृहात करू म्हटलं की ते वाक्य उचलून नोंदवायचं आणि तीन महिन्यांत झालं का ते विचारायचं. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. तिची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत? मीही आठवतोच आहे.

आता विरोधकांकडं वळू. सगळी पापं मंत्र्यांच्या माथी मारून मला इथून टाळ्या घेऊन जायचं नाही.

प्रश्नोत्तराचा तास बंद पाडायचा पराक्रम बहुतेक वेळा विरोधकच करतात. हे मला आजवर उमगलेलं नाही. सरकार कामकाजाचे विषय ठरवतं, विधेयकं सरकारची, वेळ सरकारचा. सबंध दिवसात एक तास असा, की ज्यात मंत्र्यांना उत्तरं देणं भाग आहे. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न लागतात, त्यांतले पाच-सहा तोंडी उत्तराला आले तरी खूप झालं. आणि नेमक्या त्याच तासात अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरून फलक धरायचे? मंत्री मनातल्या मनात आभार मानत असतील. तासभर गोंधळ चालला, कामकाज तहकूब झालं, उरलेली उत्तरं पटलावर ठेवल्याचं मानलं गेलं. उपप्रश्न? उद्भवलाच नाही.

दुसरं दुखणं जास्त लाजिरवाणं आहे. प्रश्न विकायचा. १९५१ मध्ये एच. जी. मुद्गल नावाच्या खासदारावर मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचं काम केल्याचा ठपका आला. खासदार काँग्रेसचा, पण चौकशीचा ठराव मांडला तो पंतप्रधान नेहरूंनी स्वतः. काढून टाकण्याची वेळ आली तेव्हा मुद्गल यांनी राजीनामा दिला. पुढं डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यापुढं पैसे घेताना सापडलेले अकरा खासदार एका झटक्यात घरी गेले, त्यांत दोन आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते. विकत घेतलेला प्रश्न ओळखायचा कसा? मला एक खूण दिसते. त्याला उपप्रश्न नसतो. ज्यानं पैसे दिले त्याला नुसतं छापील उत्तर हवं असतं, किंवा नुसती धमकी. आणि कधी कधी पैसे प्रश्न मागं घ्यायचेही असतात, असं कचेऱ्यांत कुजबुजतात. त्यावर मी बोलत नाही, कुजबुजीला पुरावा नसतो.

आणि प्रश्नच नको असं सरकारला वाटलं तर? तेही झालं आहे. १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना प्रश्नोत्तराचा तास बाजूला ठेवला गेला. आणीबाणीत ठेवला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, लोकसभा भरली, विधेयकं झाली, पण प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरं. संसर्गाचं कारण दिलं गेलं. विधेयकं मंजूर करताना संसर्ग होत नाही आणि उपप्रश्न विचारताना होतो, असं वैद्यकशास्त्रात काही आहे का, ते सभेत डॉक्टर असतील तर त्यांनी मला नंतर सांगावं.

विरोधी पक्षनेत्याचंही थोडं सांगितलं पाहिजे. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेतल्या २८८ जागांपैकी विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला वीस मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या एक दशांश जागा लागतात, हा दाखला पुढं आला आणि विधानसभेतलं ते पद रिकामं राहिलं. आता बाजूला गोव्यात बघा. सभागृह चाळीसचं. २०२२ मध्ये काँग्रेसचे आठ आमदार फुटून गेले, तीन उरले. तरी त्या तिघांतून विरोधी पक्षनेता झाला. दिल्लीत २०१५ मध्ये सत्तरांत भाजपचे तीन आमदार, तरी तिथंही पद दिलं गेलं. म्हणजे एक दशांश ही काही दगडावरची रेघ नाही, देणाऱ्याच्या मनाचा प्रश्न आहे. नेता नसला म्हणून प्रश्न थांबत नाहीत हे खरं. गोव्यात सगळे मिळून सात विरोधक उरले तरी मंत्र्यांना भंडावून सोडणारे प्रश्न आलेच. उपप्रश्नाला संख्याबळ लागत नाही, तो एकट्यानं विचारायचा असतो. पण एका मोठ्या राज्याच्या सभागृहात पहिली हरकत घ्यायला अधिकारानं कुणी उभंच राहू नये, हे मला तरी बरं वाटत नाही.

आता आपलं काय? मतदार म्हणून? पूर्वी रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना देत. जनसंघाचे होते, त्यांच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, पण ही चाल कुठल्याही पक्षानं उचलावी अशी होती. फारशी कुणी उचलली नाही. त्यामुळं यादी आपणच काढायची. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. आपल्या आमदाराचं नाव कोणत्या प्रश्नावर आहे ते बघा. पंधरा जणांनंतर सोळावं नाव आहे, की एकट्याचं? पहिल्या प्रश्नानंतर पुढच्या अधिवेशनात तोच विषय पुन्हा आला का?

आणि एक हत्यार तुमच्या हातातही आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, माहिती कधी नाकारता येते ते सांगणाऱ्या आठव्या कलमातच २०२५ पर्यंत एक परंतुक होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. बघा, तुमचा हक्क आमदाराच्या हक्काला जोडून दिला होता. ते परंतुक गेलं, तरी अर्ज करायचा हक्क आहेच. विधानसभेत ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं उत्तर आलं असेल तर तोच प्रश्न, त्याच चार भागांत, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच खात्याला पाठवा. आणि जे उत्तर येईल ते आमदाराच्या हातात द्या. पुढच्या अधिवेशनातला उपप्रश्न त्यातून निघेल.

संयोजक घड्याळाकडं बघताहेत. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत असं मला सांगितलंय. दालनात बैठक लावतो असं मी म्हणणार नाही. विचारा. आणि उत्तर पटलं नाही, तर खाली बसू नका.